ताकातून दिलेली कॅप्सूल

पत्राचा सारांश

पत्रलेखिका पंचेचाळिशीच्या, भांडुपला राहतात. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःची एक किडनी नवऱ्याला दिली. ऑपरेशन छान झालं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) जागेवर आलं, मिस्टर पुन्हा फोर्टातल्या नोकरीवर जायला लागले. गेले तीन महिने मात्र त्यांना दिवसाला सहा-सात वेळा जुलाब होतात, रात्रीही उठावं लागतं. वजन पाच किलोनं उतरलंय. दुर्बिणीची तपासणी झाली. मोठ्या आतड्याला सूज आहे आणि ती बहुधा किडनीसाठी चालू असलेल्या गोळ्यांमुळे आहे, असं डॉक्टर म्हणाले. बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

मधल्या काळात मोठ्या दिरांनी फोनवर व्हिडिओ पाठवले की गोळ्यांनी पोटातले ‘चांगले बॅक्टेरिया’ मरतात, ते परत भरले की सूज जाते. नाक्यावरच्या मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. आठ दिवस झाले, ताई रोज दुपारी एक कॅप्सूल उघडून ताकात ढवळून देतात. मिस्टरांना माहीत नाही, कारण ‘आणखी एक गोळी’ म्हटलं की ते चिडतात. डॉक्टरांना माहीत नाही, कारण तेही चिडतात.

त्यांनी तीन प्रश्न विचारलेत. कॅप्सूल चालू ठेवू का? कुठलं प्रोबायोटिक सगळ्यात चांगलं? डॉक्टरांना सांगावंच लागेल का? आणि पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ : ‘ऑफिसच्या दिवशी हे सकाळची ती मोठी गोळी टाळतात, गाडीत पंचाईत होते म्हणून. माझीच किडनी आहे ती, वाया गेली तर काय करू?’

उत्तर

ताई, तुमच्या पत्राची मी उलटी वाचणी केली. शेवटची ओळ आधी, मग बाकीचं. औषधांच्या खिडकीमागे तीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की माणूस मुख्य गोष्ट पैसे देऊन झाल्यावर, पिशवी उचलताना सांगतो.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट होते, परळच्या एका रुग्णालयात. त्यामुळे डोस कमी करा, वाढवा, बदला यातलं काहीही मी सांगणार नाही. पण तुमच्या तीन प्रश्नांना सरळ उत्तरं देते. कॅप्सूल तूर्त थांबवा. ती अचानक थांबवली म्हणून काही बिघडत नाही. कुठलं चांगलं, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवू. आणि डॉक्टरांना सांगायचं, तेही तीन आठवड्यांनी नाही, उद्या. कॅप्सूलचंही आणि गाळलेल्या गोळीचंही. या आठ दिवसांत किंवा यापुढे कधीही अंगात १०० च्या वर ताप भरला, थंडी वाजली, तर सकाळची वाट न बघता ट्रान्सप्लांट विभागाला फोन करायचा आणि ‘प्रोबायोटिक घेतलंय’ हे आधी सांगायचं.

आता हे का, ते नीट सांगते. नुसतं ‘नको’ म्हटलं तर दिरांचा पुढचा व्हिडिओ येईपर्यंतच टिकेल.

तुम्ही लिहिलंय, ‘दह्यासारखंच तर आहे ते.’ ही समजूत मोडायला मला जिवावर येतं, कारण दही आपल्या घरातलं. पण दही पोटाला चांगलं या आजीच्या म्हणण्याला शास्त्राच्या दरबारात बसवलं ते एली मेचनिकॉफ या संशोधकानं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बल्गेरियातले लोक आंबवलेलं दूध पितात म्हणून दीर्घायुषी, असं त्याचं मत होतं. याच मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेले हाफकिन पुढे प्लेगच्या साथीत मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेवरून रोज जाताना मला हे नातं आठवायचं. पण गंमत पुढे आहे. मेचनिकॉफना १९०८ चं नोबेल मिळालं ते दह्यासाठी नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून कशा टाकतात, या शोधासाठी मिळालं. आतड्यात कोट्यवधी जंतू पाळून आपण निवांत असतो, ते असे राखणदार पलीकडे जागे असतात म्हणून. तुमच्या मिस्टरांच्या राखणदारांना किडनीच्या गोळ्यांनी आपणच मुद्दाम गुंगी दिली आहे, त्यांनी तुमची किडनी परकी म्हणून फोडू नये यासाठी. आणि आतड्याच्या भिंतीला सूज आहे, म्हणजे कुंपणालाही भोकं पडलीत. अशा वेळी कुंपणापाशी आणखी जिवंत जंतू नेऊन सोडायचे का, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक वेळा काहीही होत नाही, हेही खरं. पण प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांच्या रक्तात नेमका कॅप्सूलमधलाच जंतू सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यात लॅक्टोबॅसिलस आहे, छोट्या प्लास्टिकच्या ट्यूबमधून पितात तो बॅसिलस क्लॉसी आहे. सॅकॅरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट तर आपल्याकडे जुलाबावर सर्रास देतात. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये ते अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना देऊ नये, असं स्पष्ट केलं. तुमच्याकडची स्ट्रिप उलटी करून नावं वाचा. बऱ्याच मिश्रणांत हे यीस्ट असतं आणि ते सगळ्यात बारीक अक्षरात असतं.

‘फायदा झाला नाही तरी तोटा काय’ हे वाक्य मी खिडकीवर हजार वेळा ऐकलं असेल. त्यावर नेदरलँड्समधली एक चाचणी सांगते, २००८ साली प्रसिद्ध झालेली. स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या जवळपास तीनशे रुग्णांपैकी निम्म्यांना सहा जंतूंचं मिश्रण दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. अपेक्षा होती की संसर्ग कमी होतील. संसर्ग कमी झाले नाहीत. प्रोबायोटिकच्या गटात २४ माणसं दगावली, दुसऱ्या गटात ९. तो आजार वेगळा, ते रुग्ण फार अत्यवस्थ, तुमच्या मिस्टरांशी तुलना नाही. घाबरवायला सांगत नाही. पण ‘तोटा काय’ असं म्हणण्याआधी ही चाचणी मला आठवते.

आणि फायद्याची बाजू? गोळ्यांमुळे आलेली आतड्याची सूज प्रोबायोटिकनं उतरते, असं ठामपणे सांगता येईल असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दाहासाठीसुद्धा ‘फक्त अभ्यासाचा भाग म्हणूनच वापरा’ इतकंच म्हटलं. म्हणून मी ‘कुठलं चांगलं’ हा प्रश्न बाजूला ठेवला.

आता त्या ‘मोठ्या गोळी’कडे येऊ. वर्णनावरून ती मायकोफेनोलेट असणार. तिचं काम भरभर वाढणाऱ्या पेशींचा कच्चा माल तोडणं. रोगप्रतिकारक लिंफोसाइट पेशी त्या मालावर पूर्ण अवलंबून असतात, म्हणून त्या दबतात. आतड्याचं अस्तरही दर तीन-पाच दिवसांनी नवं होत असतं, त्यालाही थोडा फटका बसतो. बॅक्टेरिया मेल्यामुळे ही सूज आली, ही दिरांची मांडणी म्हणून मला पटत नाही. गोळीचा मार भिंतीवर आहे.

जंतूंचा संबंध आहे, पण तो वेगळाच. मायकोफेनोलेट यकृतात एका साखरेच्या रेणूला बांधलं जातं आणि पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं. तिथले जंतू ती गाठ सोडवतात आणि औषध पुन्हा रक्तात जातं. म्हणजे आतड्यातली वस्ती या औषधाच्या हिशोबात भागीदार आहे. काही अँटिबायोटिक्स घेतल्यावर रक्तातलं मायकोफेनोलेट घटतं, ते याचमुळे. तेव्हा मेडिकलमधून जुलाबासाठी मिळणारी ती अँटिबायोटिकची जोडगोळी परस्पर मुळीच घेऊ नका. जुलाब ‘बांधणारी’ गोळीही नको, संसर्ग नाही हे कळेपर्यंत.

कारण दुसरी शंका मला इथेच आहे. सूज गोळ्यांमुळेच, हे अजून ‘बहुधा’ आहे ना? बायोप्सी यायची आहे. किडनी बसवलेल्या माणसाच्या जुलाबामागे सीएमव्ही हा विषाणू असू शकतो, नोरोव्हायरस असू शकतो, जिआर्डिया किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हे दूषित पाण्यातून येणारे परजीवी, अँटिबायोटिकनंतर येणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू, बरीच मंडळी असतात. कधी डायबेटिसची मेटफॉर्मिन, कधी मॅग्नेशियमवालं ॲसिडिटीचं औषध. युरोपातल्या किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जुलाबाचं कारण पायरी-पायरीनं शोधत गेल्यावर साधारण निम्म्या लोकांचे जुलाब किडनीच्या गोळ्यांना हात न लावताच थांबले होते. शौचाची तपासणी झाली का, सीएमव्हीची झाली का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. साधं विचारा : ‘डॉक्टर, इन्फेक्शनसाठी काय काय तपासून झालं?’

आता तळाच्या ओळीकडे.

मिस्टर गोळी का टाळतात ते मला दिसतं. सकाळची भांडुपची स्लो लोकल, उभं राहायलाही जागा नाही, मुलुंडहून भरून आलेली. घाटकोपरच्या आसपास पोटात कळ येते. डब्यात संडास नसतो. कुर्ल्याला उतरायचं, पूल चढायचा, रांग असली तर घाम फुटतो, सुटे पैसे मुठीत. पन्नाशीकडे आलेल्या माणसाला एकदा जरी कपडे खराब झाल्याचा अनुभव आला असेल, आणि मला वाटतं तो आला असावा, तर तो दुसऱ्या दिवशी गोळी घेणार नाही. यात बेफिकिरी नाही, लाज आहे. तुमच्या किडनीची कदर नाही म्हणून तो गोळी टाळतो, असं तुमच्या मनात कुठेतरी येत असेल तर ते काढून टाका.

पण परिणाम काय होतो बघा. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, रोज दोन वेळा पूर्ण डोस. त्यांना वाटतं, एवढ्या डोसवर एवढे जुलाब. प्रत्यक्षात आठवड्यात पाच सकाळी गोळी नाही आणि ताकात कॅप्सूल आहे. समजा त्यांनी पुढच्या वेळी डोस कमी केला. तो आधीच कमी असलेल्या डोसवरून कमी होईल, आणि शरीरानं किडनीला विरोध सुरू केला तर सुरुवातीला काहीच दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर बरंच आत घडून गेलेलं असतं. डॉक्टर तुमच्या घरातल्या माणसावर उपचार करत नाहीत आत्ता, केसपेपरवरच्या माणसावर करताहेत.

प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी गोळी टॅक्रोलिमस असणार. तिचं उलटं आहे. जुलाब चालू असताना ती अंगात जास्त शोषली जाऊ शकते. रक्तातली तिची लेव्हल, म्हणजे प्रमाण, चढते, हात थरथरतात, किडनीलाच त्रास होतो. चहाचा कप धरताना मिस्टरांचा हात कापतो का, ते आज बघा. लेव्हल पुन्हा करायला सांगतीलच. तेव्हा सकाळची टॅक्रोलिमस रक्त दिल्यानंतर घ्यायची, आधी नाही. शर्टाच्या खिशात ठेवून न्यायची. पहाटे निघायचं म्हणून घरूनच गोळी घेऊन आलेले कितीतरी रुग्ण मी पाहिलेत. लेव्हल भलतीच यायची आणि डोस विनाकारण खाली जायचा.

डॉक्टर रागावतात म्हणता. रागावत असतील. ओपीडीत पन्नास माणसं बाहेर, तुम्हाला मिळणार चार मिनिटं, त्यात तीन मिनिटं संगणक उघडण्यात. मीही एकदा एका आजोबांवर खिडकीतून ओरडले होते, गोळ्या अर्ध्या उरवून आणल्या म्हणून. ते पुढच्या महिन्यापासून रिकाम्या स्ट्रिप आणायला लागले. वर्षभरानं त्यांच्या सुनेकडून कळलं, गोळ्या खिडकीबाहेर जात होत्या. तेव्हापासून मी ओरडणं सोडलं, पण सगळ्यांनी सोडलंय असं नाही. तेव्हा रागाची तयारी ठेवून जा, पण सांगायचं टाळू नका. ट्रान्सप्लांट विभागात बहुतेक ठिकाणी एक समन्वयक असतात. ऑपरेशनच्या वेळी तुमच्या सगळ्या सह्या ज्यांनी गोळा केल्या, त्याच. उद्या अकराच्या सुमारास त्यांना फोन करा. एक कागद समोर ठेवा आणि त्यावर असं काहीतरी : ‘आठ दिवस प्रोबायोटिक दिलं, आज बंद केलं, त्यात हे-हे आहे. जुलाबामुळे सकाळची मायकोफेनोलेट आठवड्यातून इतक्या वेळा चुकते. वजन इतकं होतं, इतकं झालंय. तारीख आधी मिळेल का?’ वाचून दाखवा, तोंडी सांगायला जाऊ नका, आवाज कापला की माणूस निम्मं गाळतो. स्ट्रिपचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

तोवर गोळ्या लिहून दिल्याप्रमाणेच. चुकलेल्याची भरपाई म्हणून दोन एकदम नाहीत.

हे सगळं तुम्ही इतकं लपवलंत ते डॉक्टरकडे उपायच नाहीत, असं वाटून का? तसं नाही. तोच दिवसाचा डोस तीन-चार वेळांत विभागता येतो. आतड्यात उशिरा विरघळणारा मायकोफेनोलेटचा दुसरा प्रकार आहे, तो काहींना सोसतो. डोस कमी करून दुसऱ्या औषधानं भर काढता येते. ॲझाथायोप्रिन या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीवर नेता येतं. युरिक ॲसिडची गोळी चालू असेल तर मात्र हे आठवणीनं सांगा, त्या दोघींचं अजिबात पटत नाही. गोळी कमी केल्यावर किंवा बदलल्यावर बहुतेकांची सूज काही आठवड्यांत उतरते. आणि ‘सकाळी लोकलमध्ये त्रास होतो’ एवढं एक वाक्य कळलं, तर डोसच्या वेळा त्यांच्या गाडीच्या वेळेप्रमाणे बसवता येतील का, हे तरी बघता येईल. ऑफिसातून महिनाभर उशिरा यायची सवलत मिळत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी मागा. मागायला लाजू नका.

ताकाचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात असेल. उकळलेल्या दुधाचं, घरच्या स्वच्छ भांड्यातलं, ताजं दही बहुतेक ठिकाणी चालतं म्हणतात. तुमच्या विभागाचं मत विचारून घ्या, प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे असतात. विरजण शेजारून आणू नका. चार दिवसांचं आंबट दही नको, नाक्यावरचं ताक नको. जुलाबात काहींना दूध काही दिवस पचत नाही, तेवढं बघा. पाणी उकळूनच, पावसाळ्यात तर डोळ्यांत तेल घालून. क्लोरीननं क्रिप्टोस्पोरिडियम मरत नाही, उकळल्यानं मरतं.

शहाळ्यावरून तुमच्याशी भांडण होणार. मुंबईत पोट बिघडलं की पहिलं शहाळं येतं. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि टॅक्रोलिमसनं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. तेव्हा रिपोर्ट बघितल्याशिवाय रोज शहाळं नाही. पाणी भरून काढायला ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. तीही दिवसाला किती, ते फोनवर विचारा. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नाही. आणि गणपतीत पपनस घरात आलं तर ते आरासीपुरतंच, मिस्टरांच्या ताटात नाही. टॅक्रोलिमसची लेव्हल त्यानं चढते.

राहिलं मिस्टरांना सांगणं. हे मला सगळ्यात अवघड वाटतं, डॉक्टरांपेक्षाही. आज रात्री जेवणं झाल्यावर, मुलगी अभ्यासाला बसली की, आधी तुमचं सांगा : ‘मी ताकात कॅप्सूल घालत होते, चुकलं माझं.’ मग थांबा. गोळी टाळण्याचा विषय तुम्ही काढू नका. बहुतेक तेच काढतील. दिरांना मी इथून काही सांगत नाही. ते काळजीनंच पाठवताहेत, फक्त फोन करा म्हणावं, व्हिडिओ नको.

एक गोष्ट पत्रात शोधली, सापडली नाही. चौदा महिन्यांपूर्वी ऑपरेशन दोघांचं झालं होतं. किडनी देणाऱ्यानं दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्यायचं असतं, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं असणार. मिस्टरांची तारीख लवकर मिळाली तर त्याच दिवशी तुमचंही रक्त द्या. पुढच्या पत्रात दोन्ही क्रिएटिनिन लिहा.